गव्हाणीचं छप्पर

आमच्या चर्चमध्ये नाताळची गव्हाणी उभी करायचं काम बायकांच्या मंडळाकडे असतं, आणि मंडळात सगळ्यात जास्त तोंड माझं चालतं. गव्हाणी म्हणजे येशूबाळाच्या जन्माचा देखावा. गोठा, मूर्ती, मेंढरं, सगळं. साखर कारखाना जवळ, म्हणून आमच्या गोठ्यावर छप्पर उसाच्या पाचटाचं, म्हणजे वाळलेल्या पाल्याचं असतं. त्यावर कापूस चिकटवून बर्फ करायचा. आमच्या नंदुरबारात बर्फ! पण कापसाशिवाय आम्हाला नाताळ आल्यासारखा वाटत नाही, त्याला काय करणार.

गेल्या नाताळच्या आदल्या दुपारी पाचट कमी पडलं. पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला, ऊस तोडून झालेल्या फडाच्या बांधावर, एक भारा दिसला. झाडून-निवडून सुतळीने बांधलेला. पाचट काय, कोणीही उचलतं. शेतकरी ते जाळूनच टाकतो. आम्ही भारा रिक्षात घातला आणि आलो. सुतळी कोणीतरी बांधली असेल, एवढी साधी गोष्ट आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आली नाही.

संध्याकाळी गव्हाणी पुरी होते न होते, तोच फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. धडगावकडून ऊसतोडीला आलेली, कडेवर पोर. आमची रिक्षा तिला कोणीतरी दाखवली होती. तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

"ताई, मन्हा भारा आठे लई उनात का? झोपडीवर टाकाना व्हता. रातले पोऱ्याले थंडी लागस."

भारा समोरच होता, पण आता त्याचं छप्पर झालं होतं. वर कापूस, दिव्यांची माळ आणि टोकाला चांदणी. बाकीच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. उतरवायला फार वेळ लागला नसता, पण सगळी शोभा गेली असती आणि लोक यायला लागले होते.

"आते तं लावाई गयं वं माय," मी म्हणाले. "सण होऊ दे, मंग लई जाय."

तिने गोठ्याकडे पाहिलं, आतल्या बाळाच्या मूर्तीकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि गेली. चार शब्द ऐकवले असते तर मीही दोन ऐकवले असते. मला भांडता येतं. त्या 'बरं'चं काय करायचं ते मात्र कळेना.

नाताळच्या सकाळच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, प्रार्थना वाचायची पाळी नेमकी माझी. घरदार सोडून परमुलखात गेलेल्यांसाठी, निर्वासितांसाठी, मी खणखणीत आवाजात वाचलं. आमच्या चर्चमधल्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा गुजरातेत ऊस तोडत होती. त्यांना तिथे कोणी आसरा द्यावा म्हणून तर मी आवाज आणखी चढवला. मग फादरांनी प्रवचनात सांगितलं, की परक्याला दाराबाहेर ठेवलं तर ख्रिस्तालाच बाहेर ठेवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पायांकडे बघत बसले. ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जायचा धीर मला झाला नाही. शेजारणीला वाटलं, बरं नाही.

मिस्सा संपल्यावर घरातली ताडपत्री काढली, डब्यात करंज्या भरल्या आणि फडावर गेले. नुसती कशी जाऊ, म्हणून करंज्या. तिची झोपडी म्हणजे चार बांबू आणि वर एका बाजूला ताणलेली साडी, बाकी उघडं. रात्र त्यांनी तशीच काढली होती.

मला पाहताच ती गडबडीने उठली. पोराच्या अंगावरची गोधडी काढून तिने मला बसायला अंथरली. नको नको म्हणत, ताडपत्री तिच्यापुढे ठेवून मी बसले. माफी कशी मागावी ते घोकत आले होते, पण तीच आधी बोलली. टोमणा नव्हता तो. खरंच काळजीने विचारत होती.

"तुमना देवना पोऱ्याले थंडी तं नई वाजनी ना, ताई?"

"नई," मी म्हणाले.

तिला बरं वाटलं. ते तिच्या तोंडावर दिसलंच. आणि मी खाली मान घालून, तिच्या पोराला भरवायला, करंजी मोडत बसले.