तीन ठिपक्यांची वाटी

बनुबाई सासरी येऊन आठ वर्षं झाली होती आणि या आठ वर्षांत साळूबाईनं, म्हणजे तिच्या सासूनं, तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. आधी 'ए' आणि 'अगं ती' असायचं. मूल होत नाही असं दिसल्यावर सरळ 'वांझोटी' झालं, आणि तेही शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं. गाव तासगावच्या पूर्वेला, ओढ्याला पाणी भर पावसाळ्यातही विचारून येणारं. नवरा कृष्णात एका द्राक्षबागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची आणि बायकोपुढं हात चालायचा. असल्या मर्दांचा दुष्काळ आपल्याकडं कधीच पडला नाही. बनुबाईचं माहेर लांब, पाटणच्या अंगाला. बाप लग्नानंतर वर्षात वारला. भाऊ होता, पण तो भावजयीच्या मुठीत.

बापानं दिलेलं असं तिच्याजवळ एकच होतं, गळ्यातल्या डोरल्याची एक वाटी. डोरल्याला दोन वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. बनुबाईच्या बापानं म्हैस विकून वाटी केली होती. लग्नाच्या मांडवात साळूबाईनं ती चारचौघींत तळहातावर उडवून दाखवली होती आणि म्हणाली होती, बापाची वाटी फुंकर मारली तरी उडंल. बायका हसल्या होत्या. बनुबाई ते हसू विसरली नाही, आणि आपण ते लक्षात ठेवलं हे तिनं कुणाला सांगितलंही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. तिथं तिच्या शेजारी तासगावची रहिमतबी बसायची. रहिमतबी जातीची पटवेकरीण, म्हणजे रेशमाच्या दोऱ्यात दागिने गाठवून देणारी. दुष्काळात कोण दागिने गाठवून घेतंय? बायका गळ्यातलं काढून सोनाराकडं मोडायला नेत होत्या. म्हणून रहिमतबी हातोडा घेऊन उन्हात बसली होती आणि दिवसभर सरकारला, मुकादमाला आणि आकाशाला सारख्याच शिव्या देत होती. बनुबाईला ती आवडली. आठ वर्षं शिव्या खाल्लेल्या बाईला, त्या दुसऱ्या कुणाला तरी बसताहेत हे ऐकून बरं वाटलं असणार.

एकदा बनुबाईच्या डोरल्याचा दोरा वाढला. तुटला असं आपल्यात म्हणत नाहीत. रहिमतबीनं तिथंच खडीच्या ढिगावर बसून, लुगड्याचा धागा उपसून तो सांधून दिला. सांधताना तिनं वाटी पालथी केली, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही पाटणची व्हय गं?" बनुबाई चकित झाली. रहिमतबीनं तिचं बोट धरून कडेवर टेकवलं. बारीक तीन ठिपके लागले. पाटणचा एक सोनार आपल्या कामावर असे तीन ठिपके मारतो म्हणे. दुसऱ्या वाटीची कड गुळगुळीत होती. रहिमतबी म्हणाली की दागिना हातात आला की आधी पालथा करून बघायचा, वरनं सगळ्याच वाट्या सारख्या.

दुष्काळ सरल्यावर बनुबाई बाजाराच्या दिवशी रहिमतबीच्या घरी जायला लागली. साळूबाईला तिनं सांगितलं की पटवेकरणीचं काम शिकते, घरातले दागिने फुकटात गाठवून होतील. फुकट म्हटल्यावर साळूबाईनं विषसुद्धा घेतलं असतं. तिनं परवानगी दिली, आणि पुढं आयुष्यभर त्या परवानगीच्या नावानं बोटं मोडली.

शिकणं काही लाडाचं नव्हतं. रेशमाला मेण लावायचं, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरायचं, मग एकेक मणी ओवून मागं गाठ सारायची. गाठ सैल पडली की रहिमतबीची सून परवीन सगळा सर ओढून मणी सुपात ओतायची आणि म्हणायची, पुन्हा. परवीन बनुबाईपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण शिकवताना तिला वय दिसत नसे. बनुबाईच्या अंगठ्याला चीर पडली, तिच्यात मेण जाऊन ती पिकली. परवीननं तिला चुलीपुढं बसवून अंगठा शेकला आणि शेकता शेकता गोंडा कसा वळायचा तेही शिकवून टाकलं. त्या घरात तिला कुणी गोड बोललं नाही, पण भाकरी खाल्ल्याशिवाय उठूही दिलं नाही. वर्षभरात तिची गाठ अशी बसायला लागली की रहिमतबीलाही आपली कोणती आणि हिची कोणती ते ओळखू येईना.

मग गावात पहिलं काम आलं आणि तिथंच घात झाला.

दगडाबाई नावाची शेजारीण आपलं डोरलं घेऊन आली. दोरा कुजला होता. आपल्याकडं सवाष्णीचा गळा घटकाभरसुद्धा मोकळा ठेवत नाहीत. डोरलं गाठवायला काढलं तर तेवढ्या वेळापुरतं दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालतात. रहिमतबीच्या दारात येणाऱ्या बायका घरूनच हळकुंड बांधून यायच्या, त्यामुळं बनुबाईला ते बांधायची वेळच कधी आली नव्हती. दगडाबाई बोलघेवडी आणि आळशी. ती तशीच मोकळ्या गळ्यानं तासभर गप्पा छाटत बसली आणि बनुबाई गाठी मोजत राहिली. दोघींच्याही ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दगडाबाईच्या नवऱ्याला बैलानं उडवलं आणि त्याचा पाय खुब्यात मोडला.

आता बैल उधळला तो उधळला. त्याला कुणी दगडाबाईचा गळा दाखवायला नेलं नव्हतं. पण एवढं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. दगडाबाईनं दारात येऊन तळपट काढलं. वांझोटीचा हात लागला, माझ्या कुंकवावर उठली, असं ती बोंबलत होती आणि साळूबाई उंबऱ्यात उभी राहून माना डोलवत होती. कृष्णातनं संध्याकाळी बनुबाईला दाव्यानं मारलं. साळूबाईनं तिचं रेशीम आणि सुई शेणाच्या खड्ड्यात टाकली. सकाळी शेण काढताना बनुबाईनं सुई शोधून काढली, धुतली आणि अंबाड्यात खोवली.

रहिमतबीकडं गेल्यावर तिला वाटलं, इथं तरी कुणी पाठीवरून हात फिरवील. रहिमतबीनं आधी तिचे वळ बघितले आणि मग तिलाच फाडून खाल्लं. "बैल आपल्या मनानं उधळला गं, ते मला सांगू नगंस. पन त्या बाईचा गळा मोकळा कुनी ठिवला? माझ्या सासूनं मला पयल्या दिवशी दोऱ्याच्या आदी हळकुंड दिलं हातात. लोकांचा जीव त्या दोऱ्यात असतो. आपला असू दे न्हाईतर नसू दे." बनुबाई त्या दिवशी रडली, आणि मार खाऊन रडली नव्हती ती बोलणी खाऊन रडली. निघताना परवीननं तिच्या पदराला मूठभर हळकुंडं बांधून दिली.

गावातनं तिला पुन्हा काम मिळालं नाही. विहिरीवर बायका तिची घागर भरून होईपर्यंत लांब उभ्या राहायच्या. चौऱ्याहत्तर साली साळूबाईनं कृष्णातसाठी दुसरी बायको बघितली. अंजना नावाची, एकोणीस वर्षांची, आईविना वाढलेली, बापाला पाच मुली. पहिली जिवंत असताना दुसरी करायची नाही असा कायदा होता म्हणे. पण कायदा तासगावच्या कचेरीत होता आणि गावात साळूबाई होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी साळूबाईनं सोप्यात घोंगडं अंथरलं, पाच-सहा बायका बोलावल्या आणि त्यांच्यासमोर बनुबाईला बसवलं. बायकांत दगडाबाईही होती. नवरीसाठी काळी पोत आणली होती, सोनं मात्र आणलं नव्हतं.

"तुझं डोरलं सोड," साळूबाई म्हणाली. "दोनी वाट्या नव्या पोतीत गाठव. अंजनीच्या गळ्यात घालायचं हाय. तुला ठिवून काय लोनचं घालायचंय त्येचं?"

बनुबाईनं कृष्णातकडं बघितलं. तो खांबाला टेकून नखं कुरतडत होता. आई म्हणते तसं कर, एवढं तो त्या नखांना सांगितल्यासारखं म्हणाला.

तिच्या मनात त्या घटकेला काय आलं ते तिनं पुढं परवीनला सांगितलं होतं. तिला रडू आलं नाही. या घराला आग लावावी, आणि लावताना दाराला बाहेरनं कडी घालावी, असं तिला वाटलं होतं. पण तिनं उठून हळकुंड आणलं, दोऱ्यात बांधलं आणि आधी आपल्या गळ्यात घातलं.

"आता तुला कशापायी गं हळकुंड?" साळूबाईनं विचारलं.

"नियम हाय," बनुबाई म्हणाली आणि कातरीनं डोरलं सोडलं.

तासभर ती गाठवत होती. पायाच्या अंगठ्यात दोरा, अंबाड्यातली सुई हातात, मान खाली. बायका कौतुकानं बघत होत्या, कारण तिच्यावर राग कितीही असला तरी हातातलं कसब दिसत होतं. शेवटची गाठ मारून तिनं डोरलं ताटात ठेवलं. पोत सुरेख बसली होती, पण मधोमध वाटी एकच होती.

साळूबाईनं ताट हलवून बघितलं, घोंगडं झटकलं आणि मग दुसरी कुठाय म्हणून ओरडली. बनुबाईनं मूठ उघडली.

"तुमी घातली हुती ती तुमाला दिली. ही माझ्या बापाची हाय. पाटनच्या सोनारानं कडंला तीन ठिपकं मारल्यात, बोट फिरवून बघा."

साळूबाई म्हणाली की दोन्ही वाट्या आमच्याच, हिच्या भिकारड्या बापानं काय दिलं होतं? तेव्हा बनुबाई बायकांकडं वळली.

"मांडवात ह्याच म्हनल्या हुत्या, बापाची वाटी फुंकर मारली तरी उडंल. तुमी समद्या हसला हुता. ती हीच. हालकी हाय, मग आता तिच्यावर जीव कशाला?"

बायका हसल्या होत्या हे खरं होतं आणि ते प्रत्येकीला आठवत होतं. दगडाबाईनं हात पुढं केला, वाटी घेतली, कडेवरून बोट फिरवलं. दारात येऊन जिनं बनुबाईचं तळपट काढलं ती म्हणाली, "हायत की तीन." हे तिनं दयेनं म्हटलं नाही. ठिपके होते म्हणून म्हटलं. पण म्हटलं.

कृष्णात हात उगारून पुढं आला. बनुबाईच्या हातात अजून कातर होती आणि ती खाली ठेवायची तिला घाई दिसत नव्हती. तो थांबला आणि आईकडं बघायला लागला. बनुबाईनं दगडाबाईच्या हातातनं वाटी घेतली आणि उंबरा ओलांडला. दुपारच्या एसटीनं ती तासगावला उतरली. रहिमतबीनं तिला दारात बघितलं, गळ्यातलं हळकुंड बघितलं, आणि परवीनला कोपऱ्यातली दुसरी चटई झाडून टाकायला सांगितलं.

पुढची चार वर्षं सुखाची गेली असं लिहायला मला आवडलं असतं. पण मुसलमानाच्या पडवीत राहते म्हणून भाऊ वर्षभर बोलला नाही, आणि मग मेला तरी चालेल म्हणून तीच बोलली नाही. टाकलेल्या बाईच्या हातनं डोरलं कसं गाठवायचं म्हणून बाजारात बायका तिची चटई ओलांडून रहिमतबीच्या चटईवर बसायच्या. बनुबाईनं कुणाची मनधरणी केली नाही. ज्या बसल्या त्यांच्या गळ्यात ती आधी स्वतःच्या हातानं हळकुंड बांधायची आणि मगच डोरल्याला हात लावायची. हळूहळू बसणाऱ्या वाढल्या. बापाची वाटी तिनं साध्या तांबड्या दोऱ्यात गळ्यात घातली होती, काळा मणी एकही नाही.

अठ्ठ्याहत्तर साली, द्राक्षांचा हंगाम नुकताच संपला होता तेव्हा, अंजना तिच्या चटईसमोर येऊन उभी राहिली. वाळून कोळ झाली होती. पदराखाली तेच एका वाटीचं डोरलं आणि मुठीत कागदात गुंडाळलेली नवी वाटी. तिच्या बापानं शेळ्या विकून केली होती.

"बस," बनुबाई म्हणाली. या पोरीबद्दल तिच्या मनात माया नव्हती. तिच्यापायी आपण घर सोडलं असं तिला वाटत नव्हतं, पण तिच्या गळ्यातली पोत आपल्या हातची आहे हे बघून तिला बरंही वाटलं नाही. तिनं हळकुंड बांधलं आणि काम सुरू केलं.

अंजना खाली बघून बोलत राहिली. चार वर्षं झाली, पोटपाणी पिकलं नाही. सासू आता तिलाही नावानं हाक मारत नाही. कवठ्याच्या बाजूला एक मुलगी बघून आलेत.

बनुबाईनं वर्षं मोजली. म्हणजे दहा वर्षं आणि वर चार, दोन बायका, आणि खोट कुणात आहे हे त्या घरात अजून कुणाला दिसत नव्हतं. तिला हसू यावं तसं झालं, पण आलं नाही. तिनं नवी वाटी पालथी करून कडेवर बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती. तिनं वाटी पाटावर ठेवली, दाभण घेतलं आणि हलक्या हातानं कडेला एकापुढं एक तीन ठिपके मारले.

"हे कशाला, अक्का?" अंजनानं विचारलं.

"बोट फिरीव," बनुबाई म्हणाली. "लागलं? ही तुझ्या बापाची. ध्यानात ठिव."