माधवची गाडी आणि अण्णांचं फडकं

फोन आला तेव्हा मी पूर्णा स्टेशनच्या पुढे रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून एका गाडीचा चेपलेला बंपर बघत होतो. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली गाडी होती. अपघातातल्या गाड्या विमा कंपन्यांसाठी तपासायच्या, काय तुटलं, काय वाकलं, काय दुरुस्त होईल आणि काय भंगारात जाईल ते लिहून द्यायचं, हा माझा धंदा. फोनवर अण्णा होते, माझा शाळेपासूनचा मित्र माधव याचे वडील. अण्णा आपणहून कुणाला फोन लावत नाहीत. "माधव गेला रे... दुकानातच. गाडीपाशी बसला होता, तसाच गेला. ये तू," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. लोक अशा वेळी हातातलं टाकून धावत सुटतात म्हणे. मी उरलेले फोटो काढले, गाडीमालकाची सही घेतली आणि मग निघालो. काम अर्धवट टाकून आलो असतो तर माधवनंच मला फैलावर घेतलं असतं. परभणी येईपर्यंत डोकं विलक्षण शांत होतं. रडू आलं ते फार नंतर, तेही भलत्याच ठिकाणी. पेट्रोल पंपावर एक माणूस कोरड्या फडक्यानं आपल्या गाडीचं बॉनेट पुसत होता, ते बघून.

त्याला जाऊन आता महिना उलटून गेला. माधव काही मोठा माणूस नव्हता. वसमत रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या डिटेलिंगचं दुकान होतं, आणि ते नेमकं कशाचं दुकान आहे हे परभणीतल्या बहुतेकांना शेवटपर्यंत उमगलं नाही. बाहेरच्यांचं जाऊ द्या, त्याच्या घरातही उमगलं नाही. त्याचं आणि अण्णांचं बिनसलं ते त्यावरूनच. ते मिटावं, एवढी एकच गोष्ट तो माझ्याजवळ पुन्हा पुन्हा बोलून दाखवायचा. म्हणून हा लेख त्याच्याबद्दल असला तरी अण्णांना सोडून तो लिहिता येणार नाही.

अण्णा सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. शाळेच्या दिवसांत मी सकाळी माधवला बोलवायला जायचो तेव्हा ते दारातली जीप पुसत असायचे. खांद्यावर जुन्या धोतराचं फडकं. आधी टप, मग बॉनेट, मग दारं. पाण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे नळ त्याच्या मर्जीनं येतो, त्यातलं पाणी गाडीला कोण घालणार! कोरडं फडकं हवेत झटकायचं आणि पत्र्यावर गोल गोल फिरवत राहायचं. "साहेबाला दारात सोताचं तोंड दिसलं पाह्यजे," असं म्हणायचे. किती साहेब आले आणि बदलून गेले, पण कचेरीच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांत अण्णांची जीप लांबून ओळखू यायची. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर साहेबांनी भाषणात त्या फडक्याचं नाव काढलं, तर हा राकट माणूस चक्क लाजला. माधवची आई लवकर गेली होती. घरात बाप-लेक दोघंच, त्यामुळे त्या कौतुकाला टाळ्या वाजवायला घरचा एकटा माधव होता, आणि त्यानं त्या जोरात वाजवल्या होत्या.

पुढे तो पुण्याला गेला, आधी गाड्यांच्या शोरूममध्ये लागला आणि तिथून या डिटेलिंगच्या कामात शिरला. लग्न झालं, अण्णा एकटे पडायला लागले, तसा सुनंदावहिनींना घेऊन तो परत आला आणि दुकानासाठी जागा बघायला लागला. "म्हणजे वॉशिंग सेंटर," मी म्हणालो. "न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं मला चहाच्या टपरीवर बसवून तासभर समजावलं. गाडी धुवायची, आतून झाडून काढायची, सीट पुसायच्या, काचा लख्ख करायच्या, टायर काळेभोर करायचे आणि आत चांगला वास मारायचा, याला बाहेर व्हॅलेटिंग म्हणतात. सकाळी गाडी द्या, दुपारी घेऊन जा. बसणाऱ्याला प्रसन्न वाटतं आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं. डिटेलिंग तिथून पुढे सुरू होतं. धुऊनही रंगात रुतून बसलेले डांबराचे आणि लोखंडाचे कण एका मऊ गोळ्यानं उचलून घ्यायचे, गाडीच्या अंगावर उजेड पाडून केसाएवढे ओरखडे शोधायचे, रंगावर काचेसारखा जो पारदर्शक थर असतो तो यंत्रानं अगदी किंचित घासून सपाट करायचा आणि मग वर संरक्षक लेप द्यायचा. त्याला दोन दिवस लागतील, तीन लागतील. "घाण काढणं येगळं," तो म्हणाला, "अन् घाणीनं मागं काय करून ठेवलंय ते बघणं येगळं." मी हसलो. मी आयुष्यभर चक्काचूर झालेल्या गाड्या बघत आलेला माणूस, माझ्या अहवालात केसाएवढ्या ओरखड्याला जागाच नसते. पण त्याचा चेहरा बघून चहाचे पैसे मीच दिले.

धंदा म्हणून त्याचं वागणं उफराटंच होतं. एकदा माझ्यासमोर पाथरीचे एक गृहस्थ पांढरी मोठी गाडी घेऊन आले. "सांजच्याला साखरपुडा हाय. एकदम नव्यावानी करा. ते कोटिंग का काय म्हणतेत, ते बी मारून टाका." माधवनं गाडीभोवती सावकाश चक्कर मारली. "सांजपर्यंत धुऊन, आतून साफ करून देतो. तुमच्या कामाला तेवढंच लागतंय. कोटिंग आत्ता मारलं तर आतले ओरखडे आतच झाकून ठेवल्यावानी व्हईल." गृहस्थांना संशय आला. आपल्याला हलकं काम देऊन बोळवतायत असं वाटून ते दुसरीकडे गेले. असे कितीतरी गेले. कुणाला रंगावर डिझेलचा बोळा फिरवून हवा असायचा, का तर लगेच चमकतं. कुणी डॅशबोर्डला घरून खोबरेल चोळून आणायचे. त्यावर वसमत रस्त्याची धूळ बसली की लाडू वळता यावेत असा लगदा व्हायचा, आणि माधव तो कोपऱ्याकोपऱ्यांतून मऊ ब्रशनं काढत बसायचा. "तू लोकांना शहाणं करू नको, गाड्या धू," असं मी त्याला बजावून बजावून थकलो.

दुकान सुरू झालं ते खंडेनवमीला. आपल्याकडे त्या दिवशी अवजारांची, यंत्रांची, वाहनांची पूजा होते, म्हणून त्यानं मुद्दाम तो दिवस धरला. नमुना म्हणून दारात उभी करायला त्यानं एक जुनी गडद निळी गाडी घेतली होती आणि तिच्यावर कित्येक आठवडे खपला होता. मी आदल्या दिवशी बघितली तेव्हा त्या निळ्या रंगात घरासमोरची चिंच पानांसकट दिसत होती. सकाळी अण्णा सगळ्यांच्या आधी उठले. रात्री वारं सुटून गाडीवर काळ्या मातीची धूळ बसली होती. पोराच्या दुकानाचा पहिला दिवस, पूजेची गाडी, ती अशी कशी न्यायची? त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि उभ्या नोकरीत पुसली नसेल एवढ्या मायेनं ती गाडी पुसली. मग बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुकानापुढे गाडी उन्हात उभी राहिली आणि बॉनेटभर, टपभर गोल गोल ओरखड्यांचं जाळं चमकायला लागलं. काळ्या मातीत खरखर फार, कोरड्या फडक्याखाली तिनं नेमून दिलेलं काम केलं होतं. अण्णा शेजारीच उभे होते, नवीन सदरा घालून. "कशी झाली?" त्यांनी विचारलं. माधवनं आधी नुसतं बॉनेटवर वाकून बघितलं. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. "अण्णा, ही पुसली न्हाई तुमी, ओरबाडली," तो म्हणाला, आणि मग चारचौघांत पुढचंही बोलून गेला. "जिंदगीभर हेच केलं तुमी."

अण्णांनी फडक्याची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, नारळाचा प्रसाद घेतला आणि चालत घरी गेले. त्यानंतर त्यांनी दुकानात पाय ठेवला नाही. घरात अबोला असा नव्हता, पण दोघंही एकमेकांशी वहिनींच्या मार्फत बोलायचे. 'जेवायला बसा म्हणावं.' 'बसतो म्हणावं.' मी असलो की ते काम माझ्याकडे यायचं. माधवनं गाडीचं टप, दारं, मागची बाजू पुन्हा घासून निर्मळ केली, बॉनेट मात्र तसंच ठेवलं. गिऱ्हाइकांना तो ते दाखवायचा आणि कोरड्या फडक्यानं काय होतं ते समजावायचा, पण ते कुणाच्या हातून झालं हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. हे का नीट करत नाहीस, असं मी एकदा विचारलं. "तिथला थर पातळ झालाय, अजून घासला तर रंग जाईल," तो म्हणाला. हे खोटं होतं. थराची जाडी मोजायचं यंत्र त्याच्याकडे होतं आणि त्या बॉनेटवरचा आकडा मी स्वतः बघितला होता. थर चांगला भरभक्कम होता.

आमची शेवटची भेट याच उन्हाळ्यातली. नळ आठवडा उलटला तरी आला नव्हता. दुकानातलं धुण्याचं काम माधवनं बंद ठेवलं होतं आणि ती निळी गाडी घरापुढे मातीनं भरून उभी होती. ओट्यावर एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला माधव, मध्ये मी. अण्णा माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तूच सांग याला. गाड्या चमकवायचं दुकान घातलंय, अन् दारातली गाडी बघ. लोकं काय म्हणतील?" माधवही माझ्याकडेच बघून बोलला, "सांग त्यान्ला, नुसती बसल्यानं धूळ काई करत न्हाई. कोरडं फडकं फिरलं की मंग ती ओरबाडती. नळ येईस्तोवर बसू द्यायची." अण्णा उठून आत गेले. ते गेले त्या दाराकडे माधव बघत राहिला. "एकदा दुकानात येऊन बसावं त्यांनी," तो म्हणाला. "हात लावू नये, नुसतं बसावं. मी काय करायलोय ते बघावं." मग आत जाऊन तसं सांग की, मी म्हणालो. "लय येळा वाटतंय. पण त्या दिशी जे बोललो ना, ते मधी येतंय..." मला त्या दोघांचा राग आला, आजही येतो. दहा पावलांवर बाप बसलेला आणि दोघांना तेवढं अंतर चालवेना. मी घड्याळात बघितलं आणि निघालो, मला येलदरीला एक गाडी बघायला जायचं होतं.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, एका गाडीच्या दाराशी स्टुलावर बसून काम करताना त्याचं हृदय थांबलं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं घरी निरोप धाडला. वहिनी बाजारात गेल्या होत्या, त्यामुळे अण्णाच आधी पोहोचले. खंडेनवमीनंतर त्या दुकानात ते पहिल्यांदा गेले ते असे. मी पोहोचलो तेव्हा ते खाली फरशीवर माधवचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि आजूबाजूला भिंतीवर टांगलेली यंत्रं, ब्रश, निळी-पिवळी मऊ फडकी एकेक करून बघत होते. माधवनं ज्यासाठी त्यांना बोलावलं असतं, तेच ते करत होते. हे मला अजून पेलत नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो. दुकान बंद आहे, त्याचं काय करायचं ते वहिनी ठरवतील. निळी गाडी घरापुढे उभी होती, चिंचेचा पाला, काळ्या मातीचा जाड थर, बॉनेटवर मांजरीच्या पावलांची रांग. गल्लीच्या तोंडाशी भेटलेली एक शेजारीण हळहळून म्हणाली होती, "मानूस गेला अन् गाडीची बी कळा गेली बघा. म्हाताऱ्याला आता कशातच राम न्हाई." मलाही तसंच वाटलं. अण्णा ओट्यावर बसले होते, खांद्यावर तेच धोतराचं फडकं. समोर मातीनं माखलेली गाडी आणि अण्णांच्या खांद्यावर फडकं असूनही ते बसून आहेत, असं मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. मला ते सहन होईना. मी खिशातून रुमाल काढला आणि बॉनेटकडे हात नेला.

"हात नको लावू," अण्णा एवढ्या जोरात म्हणाले की मी दचकलो. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोरडं न्हाई पुसायचं."

रुमाल तसाच माझ्या हातात राहिला. त्यांचाच जुना प्रश्न माझ्या तोंडातून गेला. "लोक काय म्हणतील, अण्णा?"

"म्हनू दे," ते म्हणाले. "उद्या नळ येनार हाय. तवर बसू दे तिला."