अंबादासभाऊंचे बावीस वाचक

रविवार, सकाळचे अकरा. हजर, कार्यकारिणीच्या सातपैकी सहा सभासद आणि ग्रंथपाल. आकडा, अठ्ठावीस. आमच्या गावच्या वाचनालयाच्या त्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं, म्हणून एवढं खात्रीनं सांगता येतं. अठ्ठावीस म्हणजे रुपये नव्हेत, माणसं. ग्रंथपाल अंबादासभाऊंनी महिन्याच्या वाचकांची रोजची सरासरी काढून आणली होती आणि मी, चिटणीस या नात्यानं, त्यातले बावीस लाल पेनानं खोडले. उरले सहा. त्यानंतर अकरा दिवसांनी अंबादासभाऊ गेले. त्या अकरा दिवसांत मी त्यांच्याकडे फिरकलो नाही... वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही. आज दीड महिना झाला. ते खोडलेले बावीस मला एका जागी बसू देत नाहीत, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या वाचनालयाला दोन खोल्या. पुढची वाचायला बसण्याची, मागची कपाटांची. गावात क्लास चालवणाऱ्या सरांना पुढची खोली भाड्यानं हवी होती. सभेत यावरून दोनदा वाद झाला. शेवटी मीच तोड सुचवली, की रोजचे वाचक सरासरी वीस किंवा जास्त असतील तर खोली द्यायची नाही, कमी असतील तर द्यायची. मी जालन्याला एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत हिशेब पाहतो. आकडा ठरवून दिला की भांडण मिटतं, असा माझा अनुभव आहे. या वेळी भांडण मिटलं, पण मला स्वस्थता काही मिळाली नाही.

अंबादासभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. सकाळी मोसंबीच्या बागेत आणि दुपारी दोनपासून वाचनालयात, हा त्यांचा तीस वर्षांचा क्रम. मी सहावीत असताना त्यांच्याकडून पहिलं पुस्तक नेलं, तेव्हा ते स्वतः नुकतेच तिथं पुस्तकं लावायला जाऊ लागले होते. पुस्तक परत केलं की ते विचारायचे, "काय होतं रे याच्यात?" सांगता आलं नाही तर दुसरं पुस्तक मिळत नसे. मी एकदा मधली पानं गाळून थाप मारली. त्यांनी तेच पुस्तक पुन्हा माझ्या हातात ठेवलं आणि वहीत पुन्हा माझं नाव लिहिलं. दप्तर चोख ठेवायचं वळण मला कंपनीत नाही, तिथं लागलं.

पाच वर्षांपूर्वी वाचनालयानं एक स्मार्टफोन घेतला. अंबादासभाऊ जालन्याला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला गेले आणि बारा पानं टिपून आले. व्हॉट्सॲपचा ग्रुप कसा करायचा, फेसबुकचं पान कसं उघडायचं, पुस्तकांची यादी ऑनलाइन कशी ठेवायची, सगळं पायरी पायरीनं लिहिलेलं. पुढची शिकवणी घरी, मुलगी कविताकडे. पण पंचवीस वर्षांचा कारकुनी हात फोनमध्ये शिरला तो आपली रीत घेऊनच. ग्रुपवर सूचना टाकायची तर ते आधी कागदावर लिहायचे, खाली सही करायचे, वाचनालयाचा शिक्का मारायचे आणि मग त्या कागदाचा फोटो पाठवायचे. कविता म्हणायची, "बाबा, सरळ टाइप करा ना, शिक्का कशाला?" त्यावर त्यांचं उत्तर, "बिनशिक्क्याची सूचना म्हणजे नुसत्या गप्पा." प्रत्येक सूचनेला जावक क्रमांक. ग्रुपवर कोणी काही पाठवलं की त्याची नोंद आवक वहीत. ती वही मी पाहिली आहे. एका ओळीत लिहिलंय, "आवक ३१२, दादाराव, अंगठा." दुसऱ्या ओळीत, "आवक ३१३, दादाराव, पुन्हा अंगठा." दादाराव म्हणजे आमचे अध्यक्ष. आणि पुस्तकांची ऑनलाइन यादी? ती संध्याकाळी हवेत उडून जाऊ नये म्हणून ते रोज पडद्याचे फोटो काढून ठेवत. मी हसलो होतो. नंतर एकदा माझ्याच हातून यादीच्या दोनशे ओळी पुसल्या गेल्या, त्या या फोटोंवरूनच भरल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी 'आजचं पान' सुरू केलं. रोज सकाळी दहाला ते बागेतूनच, आदल्या संध्याकाळी काढून ठेवलेला कुठल्यातरी पुस्तकातल्या एका पानाचा फोटो पाठवत. खाली जावक क्रमांक आणि 'पुढचं वाचायला या.' तासाभरानं ग्रुपवरच्या एकेकाला वेगळा निरोप जायचा, "काय होतं आज?" ज्यांना लिहायचा कंटाळा ते बोलून उत्तर धाडायचे. जो सांगेल तो वाचक, असं धरून त्यांनी उपस्थितीच्या वहीत ही नावं घालायला सुरुवात केली. मला हे सभेपर्यंत माहीत नव्हतं.

सभेत मी विचारलं, "भाऊ, हे बावीस कोण?"

"पान वाचणारे."

"वाचनालयात आले होते का?"

"कसे येतील? एक बाई धावड्याला हाये, तिघं तुझ्याच एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीपाशी. वाचनालय गेलं ना त्यांच्याकडं."

दादारावांनी मांडीवर थाप मारली. "मंग मी सकाळी मोबाईलवर आरती बघतो, मला मंदिरात हजर धरा!"

सगळे हसले. अंबादासभाऊही हसले, पण माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "निळी खूण आली म्हणजे वाचलं असं होत नाही, भाऊ."

"खूण कोण धरून राह्यलं? मी विचारतो, ते सांगतात."

"लेखी आहे?"

"आवाजात हाये. ऐक की, लावतो आत्ता." त्यांनी फोन टेबलावर माझ्यापुढे सरकवला.

"आवाज दप्तरी लागत नाही," मी म्हणालो आणि पेन उघडलं.

त्यांनी फोन उचलून खिशात ठेवला. सभा संपल्यावर पायऱ्यांवर मला गाठून म्हणाले, "विष्णू, तू तुझ्या जागी बराबर हायेस. पण ऐकायला काय जात होतं?" मी गाडीला किक मारली. त्याच आठवड्यात पुढच्या खोलीत क्लास सुरू झाला आणि ते सहा वाचक कपाटांच्या मधल्या बोळात स्टुलं टाकून बसू लागले. अंबादासभाऊ स्वतः उभे राहत, असं मला नंतर कळलं.

त्या गुरुवारी साडेदहाच्या चहाला मी कॅन्टीनमध्ये फोन उघडला. त्यांच्या नंबरवरून आलेलं होतं. फोटो नव्हता, चार टाइप केलेल्या ओळी होत्या. जावक क्रमांक नाही, हेच माझ्या आधी लक्षात आलं. मग वाचलं. कवितानं लिहिलं होतं, की वडील पहाटे चारला गेले, बाराला अंत्यविधी. खाली कोणीतरी सवयीनं अंगठा पाठवून ठेवला होता. मी पावणेबाराला गावात पोचलो. तिसऱ्या दिवशी कवितानं वाचनालयाच्या किल्ल्या आणि फोन माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "काका, मोजून घ्या आणि पोच लिहून द्या. बाबांनी असंच सांगितलं असतं." मी पोच लिहून दिली.

त्यानंतरचे चार रविवार मी घरी त्या फोनमधल्या आवाजांना कान लावून बसलो. बायको म्हणाली, "जिवंतपणी ऐकलं न्हाई, आता कशाला?" तिचं बरोबर होतं, पण मी उठलो नाही. ज्या महिन्याचे बावीस मी खोडले, त्या महिन्यात सव्वीस पानं गेली होती. मी रकाने आखले, तारीख, नाव, आणि पानात खरंच जे होतं त्यातलं काही सांगितलं आहे का. धावड्याची बाई शेळ्या चारताना बोलायची, मागं घंटा वाजत असायच्या. "भाऊ, ती बाई विहिरीवरून रिकामी घागर घेऊन आली ते लिहिलंय, पण का आली ते न्हाई. मला वाटतं तिला नुसतं घराबाहेर उभं राहायचं होतं. पुढचं पान धाडा ना." भट्टीवरचा एक जण ओरडून सांगायचा, कारण मशीन चालू असायची. पान त्याला अर्धंच कळलेलं असायचं, पण अर्धं तरी असायचंच. याउलट काही जण रोज एकच शब्द पाठवत, "छान." एकानं साप चावल्यावर काय करावं त्या पानालाही "लय भारी" म्हटलं होतं. अंबादासभाऊंनी हेही वाचकांत धरले होते. मी ते गाळले. बेरीज आली तीनशे अडतीस. भागिले सव्वीस, रोजचे तेरा.

म्हणजे अंबादासभाऊंचा आकडा बरोबर नव्हता आणि माझाही नव्हता. 'छान'वाले त्यांनी का धरले, हे विचारायला आता कोणी नाही. खोली हातची जाईल या घाईनं धरले असतील. किंवा आज छान म्हणणारा उद्या काहीतरी सांगेल, असंही त्यांना वाटलं असेल... मला पहिलं खरं वाटतं आणि दुसरं खरं असावं असं वाटतं. तेरा अधिक सहा, एकोणीस. तीनदा केलं. एकोणीसच.

मग त्या फोनवर माझं नाव दिसलं. मी ग्रुपवर होतोच, त्यामुळे मलाही रोज तो निरोप यायचा. "विष्णू, काय होतं आज?" सव्वीस निरोप. सगळ्यांवर मी वाचल्याची खूण आणि उत्तर एकाचंही नाही. त्यांच्या वहीत बावीसांत माझं नाव नव्हतं. 'छान'वाले चालले, मी चालत नव्हतो, कारण मी काहीच बोललो नव्हतो. पण पान मी रोज वाचत होतो. चहा घेताना वाचायचो, आणि उशीर झाला तर चिडायचो. मी वही पुढे ओढली, फोन उलटा ठेवला आणि आठवेल ते लिहीत गेलो. सव्वीसपैकी चोवीस पानं आठवली.

पुढच्या सभेला सातही हजर होते. मी एकोणीस सांगितले आणि विसावा कोण तेही सांगितलं. दादाराव म्हणाले, "वा रे वा! खोडणाराच सोताला मोजून राह्यला. अरे, मंग त्यांना उत्तर का न्हाई देलं तू?" तो प्रश्न मी इतिवृत्तात जसाच्या तसा लिहून घेतला. विसाची अट पूर्ण झाली असं चौघांचं मत पडलं, नाही असं तिघांचं. खोली वाचकांना परत द्यायची ठरली. सरांना समोरच्या गल्लीत जागा मिळाली. त्यांनी तक्रार केली नाही, पण फळा आणि वायरिंगचा खर्च वाया गेला, एवढं म्हणाले.

दहाचं पान आता मी पाठवतो, टाइप करून, जावक क्रमांक घालून. शिक्का मारायचं धाडस होत नाही. अकराला विचारतो, काय होतं आज? भट्टीवाला ओरडून सांगतो. धावड्याहून अजून काही आलेलं नाही. नंबर चालू आहे, पान पोचल्याची खूण येते, आणि मी दिवसातून चार-पाचदा फोन उघडून बघतो.

सरांचा खर्च वाचनालयातून द्यावा असं सभेत कोणीतरी सुचवलं होतं. मी नको म्हणालो. गेल्या शनिवारी त्यांच्या नव्या जागेत जाऊन मी माझ्या पगारातून तीन हजार दोनशे रुपये त्यांच्या हातात दिले. त्यांनी दोनदा नको म्हणून घेतले आणि पावतीबुक काढलं. "काका, कशाबद्दल लिहू?" मी म्हणालो, "न ऐकता खोडलं, त्याबद्दल." तसंच लिहून त्यांनी सही केली.