विहिरीतला देव

देव पाण्यात घालणं हा आमच्या घरी नुसता बोलायचा भाग नव्हता. आई खरोखर घालायची. कुणाचं दुखणं असो की गाय चुकलेली असो, ती देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती तांब्यातल्या पाण्यात बुडवायची आणि काम झालं की पुसून जागेवर ठेवायची. बहुतेक वेळा देवाची सुटका लवकर होई.

तिचे मनगटातले चांदीचे गोट हरवले तेव्हा मात्र तांब्यावर भागलं नाही. ते तिच्या आईने दिलेले होते. तिने तांब्याला दोर बांधला, देवासकट तो परसातल्या विहिरीत सोडला आणि आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ज्यानं नेले त्याले पाणीच भोवन. चोर सापडेपर्यंत देव वर येत नाही." दोराचं दुसरं टोक माझ्या थोरल्या बहिणीच्या हातात होतं. तिनेच ते विहिरीच्या खांबाला बांधलं.

चोर सापडला नाही. त्याआधी गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं. गाव उठलं, आम्ही पवनीत येऊन राहिलो आणि देव विहिरीतच राहिला. चोर मिळाला नसताना देव काढायचा कसा, हा आईचा सवाल होता आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. पुढे विहिरीवर धरणाचं पाणी चढलं. मासे धरणारे ढिवर सांगत की भर दुपारी तिथे पाण्याखाली रहाट कुरकुरतो. त्या बाजूला ते जाळं टाकत नसत. मी हसायचो. पवनीत इतिहास शिकवणाऱ्याला भुतांचा कंटाळाच येतो, इथे जिथे खणावं तिथे कुणीतरी आधीच मरून गेलेलं असतं.

बहिणीचं लग्न झालं, पोरं झाली आणि एका वर्षी तिच्या पोटात पाणी भरू लागलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी यकृताचा आजार सांगितला. पाणी काढलं की पुन्हा भरायचं. एका दुपारी आई उशाशी बसलेली असताना बहिणीने सांगून टाकलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मिरवायला म्हणून गोट तिनेच नेले होते. ते गर्दीत कुठेतरी पडले.

"तवाच काहून नाही सांगतलं?" आईने विचारलं.

"तू शिव्या देऊन राहिली होती. मी भेली."

आई बाहेर दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली. तिचं मन हलकं करावं म्हणून मी रोमन लोकांची गोष्ट काढली. एखाद्याचा झगा, एखाद्याचं भांडं चोरीला गेलं की तेही शिशाच्या पत्र्यावर शाप खरडून देवीच्या झऱ्यात टाकत. "माणसं तेव्हाही अशीच चिडायची, आई. अशानं कोणी मरत नाही."

"अन् चोराचं नाव मालूम नसलं तं?"

"तर लिहायचे, बाई असो की माणूस, देवीनं शोधून काढावं."

तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं तिला.

पवनीला परतल्यावर ती रोज धरणाच्या काठाला जाऊ लागली. मी एकदा सोबत गेलो. बुडालेल्या गावाच्या दिशेला तोंड करून तिने हात जोडले, बहिणीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "चोर सापडला, देवा. आता वर ये." पाणी हललं नाही. मला तिचा संताप आला आणि त्याहून जास्त कीव आली. मी तिला छत्री धरून उभा राहिलो.

बहीण गेली.

तेरावं झाल्यावर मी आईला पुन्हा समजावू लागलो. यकृत कसं बिघडतं, औषधाला उशीर कसा झाला, सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते सगळं खरं असन," ती म्हणाली. "पण इतके वर्स चोर कोण, ते देवाले मालूमच नव्हतं. रोज जाऊन जाऊन नाव मीच सांगतलं."