खुर्ची सोडलेल्या बाईची जाहिरात

पंचायत समितीची आमची जागा महिलांसाठी राखीव निघाली, तेव्हा आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. माझे धाकटे दीर कितीतरी वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होते. खोऱ्यातलं एक लग्न, एक दहावा, पोरांची एक क्रिकेट स्पर्धा त्यांनी चुकवली नव्हती. त्यांची बायको सरकारी शाळेत शिक्षिका, म्हणजे तिला उभं राहता येत नव्हतं. मग घरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी अंगणात तांदूळ पाखडत होते.

"वहिनी, तुमी फकस्त सही करायची," भाऊजी म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

मी हो म्हणाले. पण सही करायला नाही, बोलायला. धरणाच्या तालुक्यात राहून मार्च लागला की आम्ही टँकरची वाट बघतो, आणि तोच टँकर आमच्या डोळ्यांदेखत रिसॉर्टच्या पोहायच्या तलावाकडे वळतो. बचत गटाच्या बायकांसमोर मी हे अनेकदा बोलले होते. आता माईकवर बोलायचं होतं. नवऱ्याला हे माहीत होतं. तो हिंजवडीला कंपनीची बस चालवतो, भावाच्या तोंडाला लागत नाही. "बोल की, तुला कोण अडवतंय," एवढंच म्हणाला. कोण अडवणार हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

पलीकडच्या पक्षानेही बाईच उभी केली होती, आणि तिच्यामागेही एक पुरुष होता, तिचा नवरा. त्यांचा मेळावा पौडच्या एका मंगल कार्यालयात झाला. त्यांनी तो मोबाईलवर थेट दाखवला आणि आम्ही सगळे भाऊजींच्या बैठकीत बसून तो बघत होतो. स्टेजवर पांढरे कव्हर घातलेल्या खुर्च्या होत्या, मागे त्या बाईंचा हात जोडलेला भलामोठा फोटो. पुण्याचे नेते उशिरा आले आणि सोबत लटांबर घेऊन आले. खुर्च्या भरलेल्या. कुणी जागचं हलेना. तेवढ्यात त्या बाई उठल्या, पदर सावरला, आपली खुर्ची नेत्यांपुढे केली आणि खाली येऊन सतरंजीवर बायकांत बसल्या. ज्यांच्यासाठी मेळावा भरला होता, त्याच खाली. स्टेजवरच्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे तर कहरच झाला. निवेदकाने "आपल्या लाडक्या उमेदवारांचा सत्कार" पुकारला. नेत्यांनी हार उचलला आणि समोर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या गळ्यात घातला. नवऱ्याने मान वाकवून तो घेतला, माईक घेतला आणि म्हणाला, "मी निवडून आल्यावर..."

आमच्या बैठकीत हशा पिकला. "घावलं!" म्हणत भाऊजींनी मांडीवर थाप मारली. मला हसू आलं नाही. घरात पाहुणा आला की बाई उठते. उठायचं ठरवावं लागत नाही, पाय आपोआप उठतात. मी स्वयंपाकघरात हजारदा तशीच उठले आहे, अर्धं ताट तसंच ठेवून.

जाहिरात महाळुंग्याला एका फ्लॅटमधल्या स्टुडिओत बनली. खिडकीतून जिथे बघावं तिथे इमारतीच इमारती दिसत होत्या. एडिटिंग करणाऱ्याने आम्हाला तयार झालेला व्हिडिओ दाखवला. बाई उठते तिथे चित्र थांबवलं होतं, तिच्याभोवती लाल गोल काढला होता आणि मागून सर्कशीतलं संगीत वाजत होतं. खाली अक्षरं आली: 'ज्यांना खुर्ची सांभाळता येत नाही, त्या तालुका काय सांभाळणार?'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काढा," मी म्हणाले. "हसायचंय तर त्या नवऱ्याला हसा. हार कुणी घातला, कुणी घालून घेतला, ते दाखवा. लाल गोल तितं काढा."

भाऊजींनी आपली खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "वहिनी, नवऱ्याला हसलो, तर लोकं लगीच आपल्याकडं बघत्याल."

"मग बघू द्या की!"

"तुमाला राजकारण कळत न्हाई."

कळत नव्हतं असं नाही. चांगलंच कळत होतं, म्हणूनच राग येत होता. मी म्हटलं, निदान शेवटी चार वाक्यं माझ्या आवाजात टाका. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं. मी टँकरचं बोलले. एडिटिंगवाल्याने हेडफोन काढला आणि भाऊजींकडे बघून म्हणाला, "आवाज थोडा रॉ वाटतोय, सर. आपल्याकडे एक आर्टिस्ट आहे, तिचा घेऊ." माझ्याशी बोलायचं होतं तेही तो त्यांच्याशीच बोलला. दोन दिवसांत एलईडी पडद्याची प्रचारगाडी गावोगाव फिरू लागली. आधी त्या बाईची थट्टा, मग माझा फोटो, आणि माझ्या फोटोच्या तोंडून पुण्यातली कुणी मुलगी गोड आवाजात सांगत होती, "मी तुमचीच लेक, तुमचीच सून." टँकरचं अवाक्षर नव्हतं. आमच्या वाडीतल्या बायका मला विचारायच्या, "आगं, ही कोण बोलतीय?"

मग आमची सभा झाली, आमच्याच गावच्या देवळापुढे. मी स्टेजवर होते, मधल्या खुर्चीत. आमच्या जाहिरातीमुळे मला तिथून उठवायची आता कुणाची छाती नव्हती. पण माईक भाऊजींच्या हातात होता. ते टँकरवर बोलले नाहीत. पक्षावर बोलले, विकासावर बोलले, आणि शेवटी म्हणाले, "वहिनींना बोलायची सवय न्हाई, तवा त्यांच्या वतीनं मीच तुमचं आभार मानतो."

मी उठले. या वेळी पाय आपोआप उठले नाहीत, मी उठवले. त्यांच्याजवळ गेले आणि हात पुढे केला. त्यांनी माईकवर तळवा ठेवला.

"बसा वहिनी. लोकं बघत्यात."

"लोकंच न्हाई, त्ये बी बघत्यात," मी हळूच म्हटलं. पिंपळाखाली पलीकडच्या पक्षाची पोरं मोबाईल वर धरून उभी होती. "तुमी माईक सोडत न्हाई, त्याचं शूटिंग चाललंय. उद्या त्यांच्या गाडीवर तुमी दिसाल, लाल गोलात."

भाऊजींनी माईक सोडला.

टँकरचं बोलायचं ठरवून आले होते आणि ते बोललेही, पण आधी तोंडातून दुसरंच निघालं. "आमच्या गाडीवर त्या ताईंची चेष्टा चाललीय, ती मला मान्य न्हाई," मी म्हणाले. "त्यांची काय चूक न्हाई. त्या माज्यापेक्षा शिकलेल्या हायेत, हुशार हायेत. तरीबी उठल्या. का? कारण उठायचं आपल्याला लहानपणापास्नं शिकवलंय. चूक उठणारीची न्हाई, बसून राहणाऱ्यांची हाय. आन् त्ये बसून राहणारे त्यांच्याकडं बी हायेत, आमच्याकडं बी हायेत. बायांनो, आता आपुन उठायचं न्हाई!"

समोरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. स्टेजवर मात्र एकही हात हलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं.

दोनच दिवसांत पलीकडच्यांची नवी जाहिरात आली. त्यांनी माझं भाषण कापून एवढंच ठेवलं होतं: "त्यांची काय चूक न्हाई. त्या माज्यापेक्षा शिकलेल्या हायेत, हुशार हायेत." खाली लिहिलं होतं, 'विरोधी उमेदवारसुद्धा म्हणतात!' शेंडी कापली, शेपूट कापलं, मधला तुकडा उचलला. मला कळत नाही असं भाऊजी म्हणाले होते ना, ते राजकारण हेच.

मी हरले. भाऊजींनी त्याचं सगळं खापर माझ्या भाषणावर फोडलं. फुटू दे. ते भाषण मी उद्याही तसंच करीन, एक शब्द न बदलता. निवडून आल्या त्या बाई, आणि गुलालात नाचला त्यांचा नवरा, हे मात्र मनाला फार लागलं.

निकालानंतर भाऊजी मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. पलीकडच्यांची ती जाहिरात अजून सगळ्या ग्रुपवर फिरत होती.

"वळखीच्या पोरास्नी सांगून ही काढायला लावू का?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखर माझी लाज वाचवायची होती. "लोकं हसत्यात तुमाला."

मी त्यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि आवाज मोठा केला.

"राहू द्या भाऊजी," मी म्हटलं. "सगळ्या निवडणुकीत मी सोता बोललेली तेवढी एकच जाहिरात हाय."