गार हवेचा प्रयोग आणि आईची भाऊबीज

माझ्या आईनं एकदा अख्ख्या आगगाडीला ओवाळलं आहे, आणि त्याला कारण द्राक्षांवर औषध मारायच्या पंपाचा हातभर पाइप आहे. (पाइपला दोष देणं ही माझी जुनी सवय. तो बिचारा आपल्या पायांनी चालत आला नव्हता!)

ऐंशी-एक्क्याऐंशीचा सुमार असेल. मी नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. सुतभर फरक दिसला की मी जॉबवर, म्हणजे तयार झालेल्या भागावर, लाल रंगाचा फराटा ओढून मोकळा! अशा माणसाला आपलंही काही चुकू शकतं, असं स्वप्नातसुद्धा वाटत नाही. त्यात मी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. माझ्याआधी तिला तीन मालक होऊन गेले होते, पण गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत ती एकुलती एक मोटार होती, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची.

आईचा धाकटा भाऊ रघूमामा फौजेत होता. सात वर्षं त्याला भाऊबीजेला रजा मिळाली नव्हती. आई दरवर्षी पाटावर सुपारी मांडून तिलाच ओवाळायची आणि म्हणायची, "सुपारी काही ओवाळणी घालत नाही रे बाबा!" हसत म्हणायची, पण मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मामाचं पत्र आलं. त्याची पलटण उत्तरेकडे निघाली होती आणि भाऊबीजेलाच त्यांची स्पेशल गाडी दुपारी साडेतीनला देवळाली स्टेशनवर अर्धा तास थांबणार होती. 'ताई, ताट घेऊन ये. मी दारातच उभा असेन.' आईनं ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. (तिला अक्षरओळख जेमतेम होती, पत्रं मीच वाचून दाखवायचो.) त्या दिवसापासून घरात दिवाळी नव्हतीच, नुसती भाऊबीज होती.

"बसनं जाऊ. दीडची पकडली की वेळेवर पोचतो," बायको म्हणाली.

"घरात गाडी असताना बस? मंदा, लोक काय म्हणतील!"

इथवरही ठीक होतं. पण वाचनालयात एका विलायती मासिकात मी एक लेख वाचला होता, आणि तो माझ्या डोक्यात शिरला होता. इंजिनातलं गरम पाणी दोन नळ्यांतून, पेट्रोल आणि हवा जिथं एकत्र होतात तिथं फिरवलेलं असतं. त्यानं हवा गरम होते. गरम हवा विरळ, गार हवा दाट, आणि हवा दाट म्हणजे ताकद जास्त! तेव्हा ते पाणी तिथून हटवा, परस्पर माघारी पाठवा, की गाडी पळालीच समजा. तो लेख बर्फात राहणाऱ्या माणसांनी लिहिला होता की वाळवंटात, हे मी पाहिलं नाही.

पाडव्याच्या दिवशी, ओवाळून घेतल्या घेतल्या, मी बॉनेट उघडलं. दोन्ही नळ्या काढल्या. आता ते पाणी परस्पर माघारी वळवायला हातभर पाइप पाहिजे. सणामुळे दुकानं बंद. शेजाऱ्यांच्या पडवीत द्राक्षांच्या फवारणीचा पंप पडला होता, त्याचा जादा पाइप मागून आणला, कापला, बसवला, तारेनं आवळला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टातून रिटायर झालेले. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "श्रीकांत, गार हवा पाहिजे तर खिडकीची काच खाली कर की."

"अण्णा, यातलं तुम्हाला कळायचं नाही."

"बरोबर आहे. म्हणून तर मी हात लावला नाही," असं म्हणून त्यांनी पेपर उचलला.

भाऊबीजेला दुपारी अडीचला आम्ही निघालो. मागे आई आणि मंदा, पुढे अण्णा. आईच्या मांडीवर ओवाळणीचं ताट, पायाशी बासुंदीचा डबा. आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि दर दोन मिनिटांनी निरांजनातली वात सरळ करत होती. आणि काय सांगू, गाडी पळाली हो! नाशिकरोडपर्यंत अशी पळाली की मी तीनदा म्हणालो, "बघा, गार हवा!"

देवळाली कॅम्प मागे पडला, रेल्वेचे रूळ दिसायला लागले, स्टेशन मैलभर राहिलं, आणि बॉनेटखालून शिट्टी वाजली.

"आली वाटतं गाडी!" आई हरखली.

गाडी नव्हती आली. आमचीच वाफ होती.

मी उतरून बॉनेट उघडलं. सव्वातीन वाजले होते. फवारणीचा पाइप मऊ पडून, फुगून, एका टोकानं निसटला होता आणि सगळं पाणी रस्त्यावर सांडलं होतं. "दोन मिनिटं!" मी म्हणालो. पाइप परत आवळला. पिण्याच्या पाण्याची कळशी ओतली. पाणी वरून आत, खालून बाहेर!

"आता?" मंदानं विचारलं. माझी नजर बासुंदीच्या डब्याकडे गेली.

"खबरदार!" आई ओरडली. "त्या डब्याला हात लावलास तर बघ!"

तेवढ्यात मागून एस.टी. आली. ड्रायव्हरनं आपणहून थांबवली. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "स्टेशनला येता का, आजी?"

आई ताट घेऊन उठलीसुद्धा. आणि मी, मी शहाणा, तिला म्हणालो, "बस गं आई, झालंच! दोन मिनिटांत निघतो." कंडक्टरनं घंटी मारली.

ती घंटी मला अजून ऐकू येते. काही माणसांना आयुष्यात एखादं वाक्य माघारी घेता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ते 'झालंच' माघारी पाहिजे.

बाजूला झेंडूचा मळा होता. तिथला शेतकरी घागर घेऊन धावत आला. त्यानं इंजिनात डोकावून पाहिलं आणि पाइप बोटानं दाबला.

"सायेब, ह्यो तर फवारनीचा पाइप हाय!"

"हो."

"ह्याच्यात गरम पानी? लय शिकल्यालं दिसताय तुमी!"

अण्णा खिडकीतून म्हणाले, "इन्स्पेक्शनला आहे तो."

पावणेचारला आई म्हणाली, "श्री, मी चालत निघते रे. मैलभर तर आहे." मी पुन्हा म्हणालो, "दोन मिनिटं!" बिचारी थांबली. पोरगा शिकलेला आहे, कारखान्यात आहे, त्याला कळत असेल, एवढाच तिचा विचार. मी घागर रिकामी केली, तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं, आणि एवढी वाफ उसळली की मी हातातलं फडकं फेकून टुणटुण उड्या मारायला लागलो. हात चांगलाच भाजला होता.

आणि त्याच वेळी स्टेशनच्या बाजूनं इंजिनाची शिट्टी आली. या वेळी खरी.

स्पेशल आमच्यासमोरून गेली. सगळे डबे सारखे, सगळ्या खिडक्यांत खाकी. मामा कुठल्या डब्यात, कुणास ठाऊक! आईनं घाईघाईनं निरांजन पेटवलं, पदर डोक्यावर घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्या गाडीला ओवाळलं. "कुठल्या तरी खिडकीत असेलच की माझा रघू," एवढंच म्हणाली.  माझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं मला.

बासुंदी आम्ही त्या शेतकऱ्याच्या पोराबाळांना वाटली. गाडी त्याच्याच बैलांनी ओढून कॅम्पात नेली. पुढे मी नळ्या होत्या तशा बसवून घेतल्या आणि ती गाडी विकून टाकली.

महिन्याभरानं मामाचं पत्र आलं. आई पदराला हात पुसत समोर येऊन बसली आणि मी वाचायला लागलो.

'ताई, तुला जमलं नसेल, मी रागावलेलो नाही. मी गाडी सुटेपर्यंत दारातच उभा होतो.' इथपर्यंत मोठ्यानं वाचलं. त्याच्या खाली लिहिलं होतं, 'स्टेशन सुटल्यावर मात्र फार गंमत झाली. रस्त्यात कुणी तरी येडपट मोटारीचं झाकण उघडून वाफेच्या लोटात माकडासारखा नाचत होता. एवढी वाफ, की त्याच्यामागे कोण उभं होतं तेही दिसेना! सगळा डबा पोट धरून हसला. मी तर खिडकीतच होतो.'

मी पत्राची घडी घातली.

"संपलं? एवढंच?" आईनं विचारलं. "भाच्याबद्दल काहीच नाही लिहिलं?"

"लिहिलंय की," मी म्हणालो. "तुझ्या लेकाला बघून सगळी पलटण खूश झाली."