काळ्या शर्टातला नॉइज

आमच्या स्टुडिओत ताईंना पाठीमागे सगळे ‘शंभर टक्के’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. तसंही संध्याकाळपर्यंत कशाचं काही वाटून घ्यायला त्यांच्यात त्राणच उरत नाही.

ताईंचं काम फोटो बघायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, मजा आहे बाईंची, बसल्या बसल्या लोकांची लग्नं बघायची. मी म्हणतो, एक दिवस त्यांच्या खुर्चीत बसून दाखवा. आलेला प्रत्येक फोटो त्या शंभर टक्क्यांवर नेतात. म्हणजे कॅमेऱ्यातला एक ठिपका पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढा होईल इतका मोठा करतात. आधी डोळा बघतात, नीट फोकस झालाय का. मग फोटोतला सगळ्यात काळोखा कोपरा शोधतात आणि तिथे नॉइज किती आहे ते बघतात. कमी उजेडात फोटो काढला की काळ्या भागात रंगीत दाणे उठतात, कुणी बारीक वाळू सांडल्यासारखे. त्यालाच आमच्यात नॉइज म्हणतात. दाणे फार असले की फोटो बाद. इतक्या मोठ्या फोटोचा एका वेळी जेमतेम एक तुकडा पडद्यावर मावतो, त्यामुळे नवरीच्या डोळ्यातली शीर ताईंना पाठ असते आणि नवरा कसा दिसत होता ते विचारलं तर सांगता येत नाही.

मी शेजारच्या खोलीत प्रिंटिंगला आहे. मधे काचेची खिडकी आहे. ताईंचा भरवसा पडद्यावर, माझा कागदावर. यावरून आमची जितकी जुंपली आहे तितकी माझी घरीही जुंपत नाही.

मालकांनी साठ मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा घेतला तेव्हा तर कहरच झाला. ताईंनी पहिलाच फोटो शंभर टक्क्यांवर नेला आणि कपाळाला हात लावला. जुन्या चोवीसच्या कॅमेऱ्यापेक्षा याच्यात दाणे जास्त! मालकांचा चेहरा पडला. कॅमेरा परत करायची भाषा सुरू झाली. मी दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकाच मापाच्या कागदावर छापून टेबलावर ठेवले. मालकांनी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, त्यांना फरक सापडला नाही. जास्त ठिपक्यांचा फोटो शंभर टक्क्यांवर जास्त मोठा होतो, तेवढे दाणेही मोठे दिसणारच.

“कागद सगळं झाकून घेतो,” ताई म्हणाल्या.

“आणि पडदा नुसत्या चहाड्या करतो,” मी म्हणालो.

कॅमेरा राहिला. त्याबरोबर एक नवी खोडही आली. मालक फोटोग्राफर लोकांना सांगू लागले, साठ मेगापिक्सेल आहेत, लांबून सगळं घ्या, नंतर कापता येईल. झालं, सगळे निवांत झाले. कुणी पुढे सरकेना, कुणी वाकेना. प्रत्येक फोटोत अख्खा हॉल, खुर्च्या, वायरी, जेवणाऱ्यांच्या पाठी. आणि ‘नंतर’ म्हणजे ताई. त्या एका फोटोचं कापायचं माप ठरवायच्या आणि तेच माप पुढच्या सगळ्या ओळीवर चिकटवायच्या. मधलं जोडपं राहायचं, कडेची माणसं जायची. वेळच तेवढा मिळायचा, तर त्या तरी काय करणार?

असं चाललं असताना एका सकाळी ताईंच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या भावोजींच्या, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. रात्री चांगले झोपले होते, सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, हळूहळू सुधारेल. किती सुधारेल ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

भावोजी औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. बोलका माणूस. गिऱ्हाईक खोकल्याची बाटली घ्यायला यायचं आणि हसून जायचं. रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन ताईंना न्यायला यायचे, आणि ताई निघेपर्यंत माझ्या खोलीत बसून माझ्या शाईच्या खर्चावर टोमणे मारायचे. आता त्यांनी दुकानात जाणं सोडलं. न्यायला येणंही सोडलं. ताई बसने जाऊ लागल्या.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी भावोजींना आरशासमोर बसवलं आणि ताईंना सांगितलं, “यांचा हसतानाचा एक फोटो द्या. अलीकडचा, समोरून. प्रत्येकाचं हसू वेगळं असतं. गाल जास्त उचलला जातो की ओठ, डोळे किती बारीक होतात, ते बघूनच व्यायाम बसवायचे असतात. आणि नेमकं कशाकडे परत जायचंय ते यांनाही दिसायला हवं.”

ताई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या त्या थेट माझ्या खोलीत. कधी न बसणारी बाई माझ्या स्टुलावर बसली.

“घरात यांचा एक फोटो नाही,” त्या म्हणाल्या.

“असं कसं होईल?”

“ओळखपत्रावरचा आहे. त्यात तोंड मिटलंय. लग्नातले आहेत, त्याला किती वर्षं झाली. बाकी मीच काढायचे आणि मीच पुसायचे. फोकस गेलाय, दाणे आलेत, वाकडा आलाय.”

“तुमच्या मुलीच्या फोनमध्ये बघा.”

“तिच्या फोनमध्ये जागा नव्हती. मागे आली होती तेव्हा मीच बसून साफ करून दिला.”

मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. अख्ख्या गावाची तोंडं निवडून देणाऱ्या बाईकडे स्वतःच्या नवऱ्याचं एक हसू असू नये! पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून मी तो गिळला.

“व्यायाम करतात का भावोजी?” मी विचारलं.

“पहिले काही दिवस केले. आता भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. काल म्हणाले, मी कसा हसत होतो तेच मला आठवत नाही, तर आणू कुठून? मलाही सांगता येईना रे. मी आठवायला जाते आणि मला दुसऱ्यांचीच तोंडं दिसतात.”

मी मशीन बंद केलं. डोकं खाजवत असताना आठवलं, मालकांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे पाहुणे म्हणून गेलो होतो. भावोजीही होते.

“त्या अल्बममध्ये हे नाहीत,” ताई म्हणाल्या. “तो मीच निवडलाय.”

“निवडलेल्यात नसतील. कापलेल्यात बघा.”

आमच्याकडे क्रॉप केलं, म्हणजे फोटो कापला, तरी मूळ फोटो शाबूत असतो, कडेचा भाग फक्त झाकला जातो. गिऱ्हाईक अल्बम घेऊन गेलं की मग आम्ही मूळ फोटो काढून टाकतो. मालकांच्या मुलीचा अल्बम काही केल्या पुरा होत नव्हता, कारण तिला दर आठवड्याला वेगळा फोटो आवडायचा. तिच्या या चंचलपणाला मी जन्मभर नावं ठेवली असती, आता मात्र तिचे आभार मानले.

ताई एकेक फोटो उघडून क्रॉप मागे घेऊ लागल्या. झाकलेला भाग आधी करडा दिसतो, मग उजळतो. कडेकडेने किती माणसं उभी होती! एक आजोबा बुटाची लेस बांधत होते. वाढप्याच्या हातात ट्रे तिरका झाला होता. माझी बायको जांभई देत होती, तो फोटो मी मुद्दाम लक्षात ठेवला. भावोजी मात्र कुठे पाठमोरे, कुठे अर्धे, कुठे तोंडात घास.

मग एक फोटो उजळला. मधे जोडपं. डाव्या कडेला, दिव्यांच्या माळा संपतात तिथल्या अंधारात, काळ्या शर्टातले भावोजी. दोन्ही हातांत एकेक भरलेली ताटली, मान जराशी मागे, आणि चेहरा पूर्ण हसलेला. उजवा गाल जास्त वर गेलेला, डावा त्याच्या जरासा मागे, डोळे जवळजवळ मिटलेले.

ताईंचा हात आपोआप गेला आणि फोटो शंभर टक्क्यांवर आला. पडद्यावर नुसते दाणे. हिरवे, जांभळे, लाल. त्या दाण्यांत कुठेतरी माणूस होता.

“हा शर्ट मला आठवतोय,” ताई हळूच म्हणाल्या. “काळा भाग म्हणून मी इथेच नॉइज तपासला होता. तपासला, फार आहे म्हणाले, ती कड कापली आणि तेच माप पुढच्या सगळ्यांवर चिकटवलं. हा यांचा शर्ट आहे हे मला दिसलंच नाही.”

मी बाहेर जाऊन दोघांना चहा सांगून आलो. परत आलो तरी त्या तशाच बसल्या होत्या.

“चेहरा कापून मोठा केला तर याचं काही राहणार नाही,” त्या म्हणाल्या. “काही उपयोग नाही.”

“मोठा कुणी मागितलाय? मला द्या. एकदा तरी कागदाचं ऐका.”

त्यांनी वाद घातला नाही. यावरून त्या किती थकल्या होत्या ते समजा. मी चेहऱ्याचा भाग काढून खेळायच्या पत्त्याएवढा छापला. शाई वाळली तसे दाणे कागदात विरले. शर्टात जरा खरखर राहिली, ती असू द्या. हसू मात्र ठसठशीत होतं. कागद उरला होता म्हणून मी न कापलेला पूर्ण फोटोही मोठ्या मापात काढला. तो वाळत असताना मला त्यात आणखी काहीतरी दिसलं. मी ताईंना सांगितलं नाही. म्हटलं, रविवारी मीच घरी घेऊन येतो.

रविवारी गेलो तेव्हा भावोजी पलंगावर होते. तोंडाला मास्क, डाव्या डोळ्यावर पट्टी, कारण तो डोळा मिटत नव्हता. मला बघून उठून बसले, पण टोमणा मारला नाही. प, ब, म त्यांच्या ओठांतून निसटत होते, म्हणून ते बोलणंच टाळत होते. बाजूच्या टेबलावर डोळ्याचे थेंब, स्ट्रॉ घातलेला पेला, न वाचलेला पेपर. पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल.

ताईंनी छोटा फोटो भावोजींच्या हातात दिला. त्यांनी बघितला आणि उलटा करून ठेवला. “दुसराच कोणी वाटतोय,” म्हणाले. ताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं.

मी मोठा फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. “भावोजी, पण तुम्ही एवढे कुणाला हसताय ते तरी बघा.”

त्यांनी बोटाने फोटोतल्या स्वतःच्या नजरेची रेघ धरली. जोडप्याच्या मागून बोट उजव्या कडेपर्यंत गेलं. तिथे एक बाई पार कमरेत वाकली होती. ठेवणीतले कपडे, खांद्यावरून घसरलेली पर्स, आणि कुणाच्या तरी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मागच्या एवढ्याशा पडद्यात घातलेलं डोकं.

“ही कोण?” भावोजींनी विचारलं.

ताई जवळ आल्या. बघत राहिल्या. स्वतःलाही त्यांनी त्या दिवशी कापून टाकलं होतं.

“मीच,” त्या म्हणाल्या.

“लग्नात काय करत होतीस?”

“नॉइज बघत होते.”

“आणि मी ताटली घेऊन उभा.”

“मला कुठे दिसलात तुम्ही?”

“तेच तर,” भावोजी म्हणाले आणि त्यांनी मास्क खाली ओढला, कारण त्यांना हसू आलं होतं. उजवा गाल वर गेला. डावा जागचा हलला नाही. तोंड सगळं एकीकडे ओढलं गेलं आणि त्यांनी घाईने हात वर नेला. ताईंनी तो हात धरून खाली घेतला. “राहू द्या,” म्हणाल्या, “मला बघू दे.” माझ्यासमोर दोघं कधी असे बसले नव्हते. मी उगाच टेबलावरचा पेपर उघडला.

मोठा फोटो आता आरशाशेजारी लावलाय. भावोजी व्यायाम करतात, कंटाळतात, व्यायामाच्या बाईंवर चिडतात, पुन्हा करतात. डाव्या ओठाचा कोपरा जरासा हलू लागलाय. बाकीचं येईल की नाही, कुणी छातीठोक सांगत नाही.

परवा ताई खिडकीतून फोन पुढे करून म्हणाल्या, “एवढा एक छापून दे.” फोनवरच काढलेला फोटो होता. संध्याकाळचा पिवळा दिवा, भावोजी आरशासमोर, वाकडंतिकडं हसताना. थोडा हललेला. दाणे तर मला चष्म्याशिवाय दिसत होते.

“शंभर टक्क्यांवर बघितलात?” मी विचारलं.

“नाही.”

“मागे टॉवेल आलाय, औषधं आलीत. तेवढं कापतो.”

“काही कापू नकोस,” ताई म्हणाल्या आणि आपल्या खुर्चीकडे गेल्या. नव्या लग्नाचे फोटो येऊन पडले होते.